स्टिअरिंग जड झालं की लगेच "पंप गेला" म्हणू नका. घरी पंप बदलण्याआधी आणि बदलल्यावर काय करायचं ते वाचा

मुंबई-नाशिक महामार्गावर शहापूर मागे पडलं की आटगाव येतं, मग खर्डी आणि पुढे कसारा घाट.

या पट्ट्यात चारचाकी ही हौस नाही. रेल्वे शहापूर तालुक्यातून जाते, पण बरीच गावं आणि पाडे स्टेशनपासून लांब. मुरबाडला तर अजून रेल्वेच नाही. त्यामुळे बाजार, लग्न, कॉलेज, दवाखाना हे सगळं बोलेरो, सुमो, ट्रॅक्स, जुनी इनोव्हा आणि पिकअपच्या जिवावर चालतं.

या गाड्या जुन्या झाल्या की एक दुखणं हमखास येतं. सकाळी गाडी चालू केली की बॉनेटमधून भुंग्यासारखा आवाज. वळवताना स्टिअरिंग जड. खाली बघावं तर तेलाचे डाग.

मग कुणीतरी सांगतं, "पंप गेलाय." व्हिडिओ बघितले जातात, पंप मागवला जातो आणि रविवारी अंगणातच गाडी उघडली जाते. पंप बसतो, गाडी चालू होते. पण कित्येकदा आठ-पंधरा दिवसांत तोच आवाज पुन्हा सुरू होतो. पैसे गेले आणि धंद्याचे दिवसही गेले.

मग पॉवर स्टिअरिंगचा पंप घरी बदलता येतो का?

येतो. पण नट-बोल्ट उघडणं हा त्यातला सोपा भाग आहे. खरं काम दोन ठिकाणी आहे: दोष पंपाचाच आहे हे आधी ठरवणं, आणि नवा पंप बसवल्यावर जुनी घाण आणि हवा बाहेर काढणं. बहुतेक जण नेमकं हेच सोडून देतात.

आधी बघा, गाडीला पंप आहे का?

सगळ्या पॉवर स्टिअरिंगमध्ये पंप नसतो. मारुती स्विफ्ट, वॅगनआर यांसारख्या गाड्यांत इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग असतं. तिथे मोटर काम करते. तेल नाही, पंप नाही, पट्टाही नाही. अशा गाडीचं स्टिअरिंग जड झालं आणि डॅशबोर्डवर स्टिअरिंगचं चिन्ह किंवा ईपीएसचा दिवा लागला, तर बॅटरी, वायरिंग किंवा सेन्सर बघावा लागतो. त्याला स्कॅनर लागतो. ते घरचं काम नाही.

बोलेरो, स्कॉर्पिओ क्लासिक, जुनी इनोव्हा, क्रिस्टा, ट्रॅक्स या गाड्यांत हायड्रॉलिक, म्हणजे तेलावर चालणारं पॉवर स्टिअरिंग मिळतं.

ओळखायचं सोपं आहे. बॉनेट उघडा आणि छोटी गोल डबी शोधा. तिच्या झाकणावर बहुतेक वेळा स्टिअरिंगचं चित्र असतं. ती डबी असेल तर गाडीत तेल आहे, आणि तेल आहे म्हणजे पंपही आहे.

हा पंप नेमका करतो काय?

इंजिन फिरलं की पट्टा फिरतो आणि पट्ट्यावर पंपाची पुली फिरते. पंपाच्या आत एक चकती असते. तिच्या खाचांमध्ये सरकणाऱ्या पातळ पात्या असतात. या पात्या डबीतलं तेल ओढतात आणि जाड पाईपमधून दाबानं स्टिअरिंगच्या गिअरबॉक्सकडे ढकलतात. तुम्ही ज्या बाजूला वळवता त्या बाजूला हा दाब मदत करतो. काम झालं की तेल दुसऱ्या पाईपनं परत डबीत येतं.

दाब किती? गाडीच्या टायरमध्ये साधारण 30 ते 35 पीएसआय हवा असते. स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं असताना या पंपाचा दाब अनेक गाड्यांत 1,000 पीएसआयच्याही वर जातो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या पिअर्स-ॲरो कंपनीत ट्रकवर काम केलेल्या फ्रान्सिस डेव्हिस या इंजिनिअरनं 1926 मध्ये तेलाच्या दाबावर चालणारं स्टिअरिंग गाडीत बसवून दाखवलं. पण ते महाग पडत होतं, म्हणून कार कंपन्यांनी बरीच वर्षं हात लावला नाही. दुसऱ्या महायुद्धात लष्करी वाहनांत ते वापरलं गेलं. सर्वसामान्य ग्राहकाला विकल्या जाणाऱ्या कारमध्ये ते आलं 1951 मध्ये, क्रायस्लर इम्पीरियलमधून. इलेक्ट्रिक स्टिअरिंग त्यानंतर बरंच उशिरा, 1988 मध्ये जपानमध्ये सुझुकी सर्व्हो या छोट्या गाडीत आलं.

आपल्याकडचा संबंध तर फारच जवळचा. आटगावच्या रस्त्यावर दिसणाऱ्या बोलेरोचा कारखाना घाटापलीकडे नाशिकला आहे आणि महिंद्राचा इंजिनांचा कारखाना घाट चढल्यावर इगतपुरीला. ट्रक, बस आणि ट्रॅक्टरसाठी हायड्रॉलिक स्टिअरिंग बनवणारी झेडएफ स्टिअरिंग गिअर ही कंपनी पुणे जिल्ह्यातल्या वढू बुद्रुकला आहे.

पंपावर आरोप करण्याआधी या सात गोष्टी तपासा

1. पुढच्या टायरची हवा. ऐकून हसू येईल, पण पुढचे टायर कमी हवेवर असतील तर स्टिअरिंग जड लागतंच. फुकटात होणारी ही तपासणी सगळ्यात आधी करा.

2. तेलाची पातळी. गाडी सपाटीवर उभी करून डबीतल्या किंवा झाकणाच्या काडीवरच्या खुणा बघा. तेल कमी असेल तर पंप तेलाबरोबर हवा ओढतो आणि तो भुंग्याचा आवाज येतो. पण नुसतं तेल भरून विषय संपत नाही. तेल गेलं कुठे, हे शोधावं लागतं.

3. तेलाचा रंग. अनेक गाड्यांत लाल रंगाचं एटीएफ वापरतात. ते काळं पडलं असेल, जळका वास येत असेल किंवा बोटावर चकाकणारी चुरी दिसत असेल, तर आत झीज झाली आहे. तेलावर फेस असेल तर कुठून तरी हवा शिरते आहे.

4. पट्टा. गाडी चालू करताना किंवा पूर्ण वळवताना "चीं" असा आवाज आला, तर संशय पट्ट्यावर घ्या. सैल, चिरलेला किंवा तेलानं भिजलेला पट्टा घसरतो आणि चांगला पंपही कमी पडतो. पट्टा पंपापेक्षा फार स्वस्तात येतो.

5. पाईप आणि क्लिपा. तेल पंपातून गळतंय की पाईपच्या सांध्यातून? कपड्यानं सगळं कोरडं पुसा, गाडी पाच मिनिटं चालवा, इंजिन बंद करा आणि मग ओल कुठून सुरू होते ते बघा. गावाकडे उभ्या गाडीत उंदीर रबरी पाईप कुरतडतात, तेही तपासा.

6. दोन्ही बाजू सारख्याच जड आहेत का? पंप कमजोर झाला तर स्टिअरिंग दोन्हीकडे जड होतं. फक्त डावीकडे किंवा फक्त उजवीकडे जड असेल, तर दोष बहुधा स्टिअरिंगच्या गिअरबॉक्समध्ये आहे.

7. चाकं उचलून फिरवा. पुढची दोन्ही चाकं जमिनीवरून उचला, गाडी घोडीवर पक्की टेकवा, इंजिन बंद ठेवून चावी फिरवा म्हणजे स्टिअरिंगचं लॉक सुटेल, आणि स्टिअरिंग वळवा. चाकांवर वजन नसतानाही ते अडकत किंवा कचकत असेल, तर जॉइंट कोरडे पडलेत, वाकलेत किंवा गिअरबॉक्स धरतोय. इथे नवा पंप लावून काहीही फरक पडणार नाही.

मग पंप खरंच गेलाय हे कसं कळतं? तेल बरोबर, पट्टा बरोबर, हवा नाही, तरी इंजिन मंद चालू असताना स्टिअरिंग जड आणि रेस दिली की हलकं. किंवा पुलीच्या मागून, पंपाच्या शाफ्टजवळून तेल गळतंय. किंवा पुली हातानं हलवली तर डगमगतेय. पक्की खात्री हवी असेल तर गॅरेजवाले पंप आणि पाईपच्या मध्ये प्रेशर गेज लावून दाब मोजतात. पंप विकत घेण्याआधी हे करून घेतलं तर काही हजार रुपये वाचू शकतात.

पंपाच्या शाफ्टचं फक्त सील गेलं असेल तर काही पंपांना सील किट मिळतं. सगळा पंप बदलायची गरज नसते.

आणि घाटात जड झालं तर?

इथे विषय पैशाचा राहत नाही.

पंप बंद पडला म्हणून स्टिअरिंग जाम होत नाही. स्टिअरिंगचा दांडा चाकांशी लोखंडानं जोडलेला असतो. मदत गेली तरी जोर लावून गाडी वळते. पहिल्या क्षणी चालकाला वाटतं की स्टिअरिंग अडकलं, तो घाबरतो आणि तिथेच घात होतो. दोन्ही हातांनी घट्ट धरायचं, वेग कमी करायचा, दोन्ही बाजूंचे इंडिकेटर लावायचे आणि मोकळी जागा बघून कडेला घ्यायचं.

त्याच वेळी बॅटरीचा दिवा लागला तर पट्टा तुटल्याची शक्यता मोठी. काही इंजिनांत एकच पट्टा पंप, अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप फिरवतो. म्हणजे थोड्याच वेळात इंजिनही तापणार. शिवाय अनेक जुन्या डिझेल गाड्यांत ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या मागेच असतो. तो फिरायचा थांबला की पुढच्या काही दाबांनंतर ब्रेकही कडक होतो. त्यामुळे "गावापर्यंत जाऊ कसं तरी" हा विचार इथे चालत नाही.

आणि डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडायची सवय असेल, तर ती आजच बंद करा. कसारा असो की माळशेज, इंजिन बंद म्हणजे स्टिअरिंगची मदत बंद आणि ब्रेकची मदतही संपत आलेली. चावी पूर्ण मागे गेली तर स्टिअरिंग लॉक होण्याचा धोका वेगळाच. दोन-चार रुपयांचं डिझेल वाचवायला मागे बसलेल्या दहा माणसांचा जीव लावण्यासारखं हे आहे.

ठरलं, पंपच बदलायचा. सामान काय लागेल?

तुमच्या गाडीच्या मॉडेल आणि चेसिस नंबरवरून जुळवलेला पंप, नवे ओरिंग आणि कॉपर वायसर, पट्टा जुना असेल तर नवा पट्टा, आणि गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं तेल. अनेक गाड्यांत यंत्रणेत साधारण एक लिटर तेल मावतं. जुनं धुऊन काढायचं असल्यानं दोन लिटर आणा.

तेलाच्या बाबतीत अंदाज नको. ब्रेक ऑइल तर अजिबात नाही. त्यानं पंपाची आणि गिअरबॉक्सची रबरी सीलं फुगतात, खराब होतात आणि दुरुस्तीचा खर्च कितीतरी वाढतो.

कुर्ल्याच्या भंगार बाजारातला जुना पंप स्वस्त पडतो, पण तो किती चाललाय ते कुणीच सांगू शकत नाही. प्रवासी गाडीला तो लावू नये.

हत्यारांत पाने, सॉकेट, पाईपच्या नटासाठी फ्लेअर पाना, पक्कड, तेल काढायला मोठी सिरिंज, पसरट भांडं, जॅक आणि दोन घोड्या. मुरमाच्या किंवा मातीच्या अंगणात जॅक रुतून तिरका होतो, म्हणून खाली जाड फळी ठेवा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात किंवा डोकं घालायचं नाही.

काम कसं करायचं?

1. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. गाडी सपाटीवर, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दगड. बॅटरीची मायनस वायर काढा.

2. पट्टा कुठून कसा फिरतो त्याचा मोबाइलवर फोटो काढा. पाईपांचेही फोटो काढा. जोडताना हेच कामाला येतात.

3. सिरिंजनं डबीतलं तेल ओढून घ्या. पंपाखाली भांडं ठेवा. जवळ अल्टरनेटर असेल तर तो प्लास्टिकनं झाका.

4. पट्टा ताणणारा बोल्ट सैल करून पट्टा उतरवा. पुली शाफ्टवर दाबून बसवलेली असेल तर ती पुलरनंच काढा. हातोडीनं ठोकली तर बेरिंगचं आणि शाफ्टचं नुकसान होतं. काही इंजिनांत पंप पट्ट्यावर नसून थेट इंजिनच्या गिअरवर चालतो. तशी गाडी असेल तर काम गॅरेजवर सोपवा.

5. परतीच्या तेलाचा पाईप क्लिप सैल करून काढा. मग दाबाच्या पाईपचा नट फ्लेअर पान्यानं उघडा. साध्या पान्यानं नटाचे कोपरे गोल होतात. उघड्या तोंडांत माती जाऊ नये म्हणून स्वच्छ कपडा किंवा प्लास्टिक लावा.

6. बोल्ट काढून पंप बाहेर घ्या. जुना आणि नवा पंप शेजारी ठेवून पुली, भोकं, पाईपची तोंडं जुळतात का ते बघा. जुळत नसेल तर इथेच थांबा.

7. नवा पंप बसवा. प्रत्येक बोल्ट आणि पाईपचा नट आधी हातानं दोन-तीन आटे फिरवा, मगच पाना लावा. ओरिंग आणि वायसर नवेच. पट्टा फोटोप्रमाणे चढवून ताण द्या. फार ताणला तर पंपाचं बेरिंग जातं, सैल राहिला तर घसरतो.

पंप टिकणार की नाही, हे इथून पुढे ठरतं

जुना पंप घासून गेलेला असेल तर त्याची धातूची चुरी पाईपमध्ये, गिअरबॉक्समध्ये आणि डबीच्या जाळीत बसलेली असते. ती तशीच ठेवून नवा पंप चालू केला, तर तीच चुरी फिरून नव्या पंपात येते. आठ-पंधरा दिवसांत परत आवाज येण्यामागचं हे एक मोठं कारण.

म्हणून परतीचा पाईप डबीपासून सोडवून एका बाटलीत घाला आणि डबीचं ते तोंड बुचानं बंद करा. पुढची चाकं घोडीवर उचललेली, इंजिन बंद. एकानं डबीत नवं तेल ओतत राहायचं, दुसऱ्यानं स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवायचं. बाटलीत स्वच्छ तेल यायला लागलं की थांबा. डबीची जाळी धुवा. साफ होत नसेल तर डबी बदला. मग पाईप परत जोडा.

यानंतर हवा काढायची. घाई करून लगेच सेल्फ मारू नका. इंजिन बंद ठेवूनच स्टिअरिंग पंधरा-वीस वेळा टोकापासून टोकापर्यंत फिरवा आणि तेल कमी झालं की भरत राहा. बुडबुडे थांबले की बॅटरी जोडा, इंजिन चालू करा आणि मंद इंजिनावर पुन्हा तेच करा. टोकाला पाच सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवू नका, कारण तिथे दाब सगळ्यात जास्त असतो आणि पंप तापतो. तेलावर फेस दिसला तर इंजिन बंद करा, अर्धा तास थांबा, परत करा.

गळती शोधताना चालू इंजिनावर पाईपवर बोट फिरवू नका. 1,000 पीएसआयचा तो आकडा आठवा. बारीक छिद्रातून निघालेली तेलाची धार कातडीत घुसू शकते. पुठ्ठ्याचा तुकडा जवळ धरा, ओल त्यावर दिसते. सायलेन्सरच्या गरम पाईपवर तेल ठिबकत असेल तर गाडी चालवू नका, ते पेट घेऊ शकतं.

सगळं ठीक वाटलं तर आधी मोकळ्या मैदानात, मग गावाच्या रस्त्यावर रिकामी गाडी फिरवा. दोनशे-तीनशे किलोमीटरनंतर पट्ट्याचा ताण आणि तेल पुन्हा बघा. घाट आणि प्रवासी त्यानंतर.

जुनं तेल कुठे जातं, हेही बघा

आटगावच्या परिसरात ही गोष्ट जास्त लागू पडते. 1892 मध्ये पूर्ण झालेलं तानसा धरण जवळच आहे आणि भातसाही याच तालुक्यात. मुंबई हेच पाणी पिते. दुसरीकडे उन्हाळ्यात शहापूरच्या कित्येक पाड्यांना टँकरची वाट बघावी लागते. अशा ठिकाणी लिटर-दोन लिटर काळं तेल नाल्यात किंवा विहिरीच्या कडेला ओतणं परवडणारं नाही.

वापरलेलं तेल 2016 च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं. कॅनमध्ये भरून ज्या गॅरेजमधून जुनं तेल गोळा होतं तिथे द्या. कुंपणाच्या लाकडाला लावायला किंवा चूल पेटवायला वापरू नका.

कधी हात लावायचाच नाही?

गिअरबॉक्समधून गळती असेल, स्टिअरिंगला जास्त खेळ असेल, दाबाच्या पाईपचा नट गंजून बसला असेल किंवा घोडी नसेल, तर गाडी गॅरेजलाच न्या. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधल्या नियम 98 नुसार स्टिअरिंग सुस्थितीत असणं बंधनकारक आहे आणि त्याचा खेळ 30 अंशांपेक्षा जास्त चालत नाही. प्रवासी गाडीच्या फिटनेसला स्टिअरिंग तपासलं जातंच.

गॅरेजला नेली तरी वर वाचलेलं वाया जात नाही. "पंप गेलाय" असं ऐकलं की तीन प्रश्न विचारा: दाब मोजला का? जुनी घाण धुऊन काढणार का? जुना पंप परत देणार का? चांगल्या मेकॅनिकला या प्रश्नांचा राग येत नाही. आणि पहिल्याच प्रश्नावर टाळाटाळ झाली, तर पंप मागवण्याआधी दुसऱ्या गॅरेजमध्ये गाडी दाखवून घ्या.